चिंता देवावर टाकायची ती कशी? विश्वासणाऱ्यांसाठी एक सविस्तर मार्गदर्शन

नागपुरातील पुष्कळ ख्रिस्ती घरांत बैठकीच्या भिंतीवर ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन टांगलेले असते. चौकटीत जागा थोडी असल्यामुळे ते बहुधा तेवढ्यावरच थांबते. ज्याला रात्र रात्र झोप लागत नाही असा माणूस ते रोज वाचतो आणि त्याच्या मूळ चिंतेत आणखी एकीची भर पडते: आपण चिंता करतो म्हणजे आपला विश्वास उणा आहे की काय? फिलिप्पैकरांस पत्रातील ते वाक्य (४:६-७) मात्र तेथे संपत नाही. प्रार्थना, विनंती, आभारप्रदर्शन आणि आपली मागणी देवाला कळवणे अशी कामे पौल त्याच दमात सांगतो आणि शांतीचे अभिवचन त्यानंतर येते. हे पत्र त्याने कैदेत असताना लिहिले, तेव्हा निकाल काय लागेल हे त्यालाही ठाऊक नव्हते. चौकटीबाहेर राहिलेली ती रीत रोजच्या जगण्यात कशी आणावी, हे येथे क्रमाने मांडले आहे.

चिंता आणि जबाबदारी

मुलाची फी भरण्याची तारीख जवळ आली म्हणून पैशांची जुळवाजुळव करणे ही जबाबदारी आहे. फी भरून झाल्यावरही ‘हा नापास झाला तर, पुढच्या वर्षी पैसे नसले तर, नातेवाईक काय म्हणतील’ असे मनात घोळत राहणे ही चिंता आहे. जबाबदारीचा शेवट एखाद्या कृतीत होतो; चिंता मात्र जेथून निघाली तेथेच परत येते आणि माणूस काहीही न करता थकून जातो. कल्पनेत रंगवलेल्या संकटालाही शरीर खऱ्या संकटासारखेच उत्तर देते. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात, छाती धडधडते, मान व खांदे आखडतात, पोट बिघडते आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडे राहतात. हे चार-दोन दिवस झाले तर शरीर सावरते, महिनोन्‌महिने चालले तर सावरत नाही.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने चिंतेविषयी जे सांगितले (मत्तय ६:२५-३४) ते कोणापुढे सांगितले, याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. श्रोत्यांत गालीलातील मासे धरणारे, शेतात राबणारे आणि रोजच्या मजुरीवर रोजची भाकरी अवलंबून असणारे लोक होते. सकाळी डबा घेऊन शहरातल्या ठिय्यावर काम मिळण्याची वाट पाहणाऱ्या मजुराची जी स्थिती, तीच त्यांच्यापैकी अनेकांची होती. काय खावे, काय पांघरावे हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता आणि प्रभूने तो क्षुल्लक ठरवला नाही. या सर्वांची तुम्हाला गरज आहे हे स्वर्गीय पिता जाणतो, असेच त्याने सांगितले. आकाशातील पाखरांचा दाखला देताना त्याने पाखरे बसून खातात असेही म्हटलेले नाही. पाखरू दिवसभर चारा शोधते, मात्र उद्याच्या चाऱ्यासाठी आज झुरत नाही.

चिंता वाटणे हे पाप आहे काय, असा प्रश्न प्रार्थनासभांतून हमखास विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे: चिंतेचा विचार मनात येणे हा दोष नव्हे. सर्व मंडळ्यांविषयीची चिंता आपल्यावर रोज येते असे पौल स्वतः लिहितो (२ करिंथ ११:२८), आणि गेथशेमाने बागेत ख्रिस्ताचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. त्या विचाराला घरात बसवून घ्यायचे की उचलून देवापुढे न्यायचे, एवढी निवड आपल्या हाती असते. म्हणून पुढील पायऱ्या सुरू करताना अपराधीपणा बाजूला ठेवावा, कारण स्वतःला दोष देणारा माणूस प्रार्थनेला बसण्याऐवजी ती टाळू लागतो.

पहिली पायरी: आधी शरीराकडे पाहावे

एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि ‘आता पुरे’ म्हणत त्याने मरण मागितले (१ राजे १९). त्या वेळी देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावरचे संभाषण त्यानंतर कितीतरी दिवसांनी झाले. आपल्या मंडळ्यांत हा क्रम बहुतेकदा उलटा असतो आणि उपाशी, जागरणाने शिणलेल्या माणसाला आपण आणखी एक उपास धरायला सांगतो.

काही दिवस झोपेची, जेवणाची आणि चहाची नोंद ठेवावी. सायंकाळनंतरचा चहा-कॉफी बंद केल्याने अनेकांची धडधड कमी होते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात आणि कूलरचे पाणी संपले की झोप मोडते. अशा दिवसांत वाढलेली चिडचिड आणि हुरहुर ही सगळीच आत्मिक नसते. शिवाय थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली किंवा रक्त कमी झाले तरी धडधड आणि थकवा जाणवतो, म्हणून लक्षणे रेंगाळत असतील तर रक्ततपासणी करून घ्यावी. अस्वस्थता अंगावर आल्याच क्षणी श्वास हळू घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावावा. काही मिनिटांत नाडी मंदावते. त्या लांब श्वासाबरोबर ‘प्रभू, मी तुझ्या हाती आहे’ असे एखादे छोटे वाक्य मनात म्हटले तर प्रार्थना तेथूनच सुरू होते.

दुसरी पायरी: चिंता कागदावर उतरवावी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग हिचाच होतो. यहूदाचा राजा हिज्कीया याला अश्शूरच्या राजा सन्हेरीबाकडून धमकीचे पत्र आले. अश्शूरच्या फौजेने यहूदाची तटबंदीची नगरे घेतली होती आणि आता यरुशलेमेची पाळी होती. हिज्कीयाने ते पत्र वाचले, मंदिरात जाऊन परमेश्वरापुढे पसरले आणि मग प्रार्थना केली (२ राजे १९:१४-१९). ती प्रार्थना वाचली तर दिसते की त्याने संकट सौम्य करून सांगितले नाही. अश्शूरच्या राजांनी इतर राष्ट्रे खरोखरच उद्ध्वस्त केली आहेत, हे त्याने देवापुढे मान्य केले, शत्रूचे नाव घेतले आणि काय हवे तेही नेमके मागितले.

‘प्रभू, सगळे नीट कर’ ही प्रार्थना वाईट नाही, परंतु तिने चिंता हलत नाही, कारण ‘सगळे’ म्हणजे काय हे मागणाऱ्यालाच माहीत नसते. एक उदाहरण घेऊ. समजा, जरीपटक्यात राहणारी एक गृहिणी आहे. पती मिहान या औद्योगिक प्रकल्पात कंत्राटी कामावर आहेत आणि कंत्राट मार्चअखेर संपते. मुलगा नीटची तयारी करतो. सासूबाईंच्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी दिला असून रिपोर्ट मेडिकलमधून, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून, यायचा आहे. घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. तिला विचारले तर ती म्हणते, ‘टेन्शन आहे.’ तिने वही घेऊन प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर लिहावी, आणि प्रत्येक ओळीखाली ‘मला नेमकी कशाची भीती वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे. कंत्राटाच्या ओळीखाली कदाचित ‘हप्ता चुकेल’ असे येईल, किंवा ‘माहेरी हात पसरावा लागेल’ असे येईल. या दोन भीती वेगळ्या आहेत, त्यांची प्रार्थना वेगळी आणि उपायही वेगळे. लिहिताना भाषा शुद्ध ठेवण्याची गरज नाही आणि वही कोणाला दाखवायचीही नाही.

लिहून झाल्यावर वही उघडी ठेवून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत ती देवाला वाचून दाखवावी. हे प्रथम विचित्र वाटते. परंतु देवाला ठाऊक नाही म्हणून आपण सांगत नसतो; आपण काय वाहून नेत आहोत हे त्याच्यासमोर प्रथम आपल्यालाच कळते.

तिसरी पायरी: आजचे काम वेगळे काढावे

त्याच वहीत प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखावेत: आज किंवा या आठवड्यात मी काय करू शकते, आणि यात माझ्या हाती नसलेले काय आहे. वरील उदाहरणात कंत्राटाच्या ओळीपुढे पहिल्या रकान्यात ‘पतीशी बसून तीन महिन्यांच्या खर्चाचा हिशेब’, ‘बँकेत हप्ता पुढे ढकलता येतो का याची चौकशी’ अशी कामे येतील. कंपनीचा निर्णय दुसऱ्या रकान्यात जाईल. रिपोर्टच्या बाबतीत पहिल्या रकान्यात ‘कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर रिपोर्ट मिळतो हे विचारणे’ एवढेच येईल आणि गाठ कसली आहे हे पूर्णपणे दुसऱ्या रकान्यात जाईल. मुलाच्या अभ्यासाचा बहुतांश भाग मुलाचा आहे, आईचा नाही. हे लिहिताना आईचा हात अडखळतो, तरी लिहावे.

पहिल्या रकान्यातील निदान एक काम त्याच दिवशी करून टाकावे आणि त्यावर काट मारावी. दुसरा रकाना हा देवाच्या स्वाधीन करण्याचा. ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’ हे पेत्राचे वचन (१ पेत्र ५:७) या रकान्यावर लिहून ठेवता येईल. पहिला रकाना देवावर ढकलून हातावर हात ठेवून बसणे म्हणजे विश्वास नव्हे, आणि दुसऱ्यातील गोष्टी रात्रभर स्वतः ओढत राहणे म्हणजे जबाबदारी नव्हे.

रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, मिळत असे तो त्या त्या दिवसापुरता. ज्यांनी तो सकाळपर्यंत ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले (निर्गम १६). शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती आणि तो नासला नाही. विमा, बचत, मुलांच्या शिक्षणाची तरतूद ही दुसऱ्या प्रकारची कामे आहेत, ती करू नयेत असे पवित्र शास्त्र कोठेही शिकवत नाही. काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार झाडांना पाणी केव्हा तोडायचे, बहर कोणता धरायचा हे आधी ठरवतो. गारपीट होईल की नाही हे तो ठरवू शकत नाही. ‘उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ हे प्रभूचे म्हणणे याच दुसऱ्या भागाला लागू होते.

चौथी पायरी: प्रार्थनेला वेळ आणि आकार द्यावा

पुष्कळदा आपण ज्याला प्रार्थना म्हणतो ती डोळे मिटून केलेली चिंताच असते: तोच मजकूर, तीच भीती, फक्त शेवटी आमेन. अशी अर्ध्या तासाची प्रार्थना करून माणूस अधिक घाबरून उठतो. यावर दोन उपाय आहेत.

पहिला वेळेचा. चिंतेसाठी दिवसातील एक ठरावीक वेळ राखून ठेवण्याची पद्धत मानसोपचारातही वापरली जाते. सायंकाळी सहा ते सव्वासहा अशी वेळ ठरवावी, अगदी झोपण्यापूर्वीची नको. दुपारी रिपोर्टचा विचार आला तर वहीत एक शब्द टिपून ‘प्रभू, यावर आपण सहा वाजता बोलू’ असे म्हणावे आणि हातातील कामाकडे वळावे. विचार पुन्हा येईल, पुन्हा तेच करावे. सहा वाजता वही उघडल्यावर दुपारच्या काही गोष्टींत दम उरलेला नसतो.

दुसरा आकाराचा. प्रथम तक्रार मोकळेपणाने मांडावी. स्तोत्रसंहितेतील तेराव्या स्तोत्रात दावीद ‘कोठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही दोन्ही प्रार्थना म्हणून शास्त्रात जपली गेली आहेत. मग एकेका ओळीसाठी नेमके मागणे करावे. त्यानंतर उपकारस्मरण करावे, आणि तेही मोघम नको. ‘सासूबाईंना घेऊन जायला शेजारचा मुलगा आला’, ‘आज डाळ-तांदूळ घरात आहे’ असे आजचे, मोजता येणारे उपकार सांगावेत. शेवटी दुसऱ्या रकान्यातील गोष्टी मोठ्याने म्हणून स्वाधीन कराव्यात, वही मिटावी आणि उठावे. वही मिटण्याची ती कृती टाळू नये.

काही दिवस असे येतात की शब्दच सुचत नाहीत. त्या वेळी छापील प्रार्थनेचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना आपल्या नागपुरातच झाली, तेव्हा पुस्तकातून प्रार्थना करणारे अँग्लिकन आणि उत्स्फूर्त प्रार्थना करणारे बाप्तिस्त एका मंडळीत आले. दोन्ही सवयी आपल्या वारशात आहेत. कॅथलिक कुटुंबांत जपमाळेची प्रार्थना हेच काम करते. काहीच जमले नाही तर प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावी आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ येथे थोडे थांबावे.

वचन कसे वाचावे, याविषयी एवढेच म्हणतो की ते ताइतासारखे वापरू नये. मोबाइलवर रोज येणारे एक सुटे वचन पुढे पाठवण्यापेक्षा एक संपूर्ण स्तोत्र आठवडाभर वाचावे. बेचाळिसाव्या स्तोत्रात कवी स्वतःच्या जिवाशी बोलतो, तू का खिन्न झालास असे त्याला विचारतो आणि देवाची आशा धर असे सांगतो. चिंतेचे म्हणणे ऐकून घेण्याऐवजी तिला उत्तर देण्याची सवय त्यातून लागते. रात्रीसाठी चौथे स्तोत्र लहान आहे आणि निश्चिंत झोपेच्या वाक्यावर संपते.

पाचवी पायरी: एकट्याने वाहू नये

‘एकमेकांची ओझी वाहा’ (गलती ६:२) ही आज्ञा ओझे असणाऱ्यालाही आहे, कारण ते दाखवल्याशिवाय दुसरा वाहणार कसा? तरीही सगळे सगळ्यांना सांगू नये. घरगुती प्रार्थनासभेत मांडलेली खासगी बाब रविवारपर्यंत सदर ते मेकोसाबाग या वस्त्यांतून फिरून येते, हा अनुभव पुष्कळांच्या गाठी आहे आणि त्यामुळे कितीतरी जण मुके झाले आहेत. एक किंवा दोन भरवशाची माणसे निवडावीत: पाळकसाहेब, फादर, महिला मंडळातील एखादी वडीलधारी बाई. ‘हे फक्त प्रार्थनेसाठी आहे, बाहेर जाऊ नये’ असे आधी स्पष्ट सांगण्यात संकोच करू नये.

आणि प्रार्थनेबरोबर कामाचीही मदत मागावी. मेडिकलच्या ओपीडीत सकाळी चिठ्ठी काढण्यासाठी कोणी रांगेत उभे राहील का, दोन दिवस डबा पाठवाल का, मुलाला फिजिक्सचे दोन धडे समजावून द्याल का, असे नेमके विचारले तर लोक बहुधा नाही म्हणत नाहीत. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्यावर सोडून दिले तर कोणीच काही सांगत नाही.

सहावी पायरी: डॉक्टरांकडे केव्हा जावे

सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवशी, आवरता न येणारी चिंता होत असेल, तिच्यामुळे झोप, भूक किंवा काम बिघडले असेल, अचानक धडधड, घुसमट व मरणाची भीती असे झटके येत असतील, किंवा त्यासाठी दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जगणे नकोसे वाटू लागले असेल तर सहा महिने काय, सहा तासही थांबू नये. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तसेच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलिमानस’ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. जिवाला तत्काळ धोका असेल तर ११२ लावावा.

औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे काही प्रचारक सांगतात. लूक हा वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो (कलस्सै ४:१४). सीताबर्डीचे मुर मेमोरियल रुग्णालय स्कॉटिश मिशनच्या लोकांनी उभारले. ज्या मंडळीने या शहरात दवाखाने काढले त्या मंडळीत असे बोलणे शोभत नाही. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटले म्हणून ती स्वतःहून एकाएकी बंद करू नयेत. साक्ष देण्याच्या भरात गोळ्या फेकून देण्याचा आग्रह कोणी केला तर तो मानू नये.

मागितलेले मिळाले नाही तर

कंत्राट वाढले नाही, रिपोर्ट वाईट आला, असेही होते आणि विश्वास ठेवणाऱ्या घरांतही होते. पौलाने आपल्या देहातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:७-९). फिलिप्पैकरांस पत्रातही देवाची शांती अंतःकरणे व विचार राखील असे अभिवचन आहे, प्रत्येक मागणी मान्य होईल असे तेथे म्हटलेले नाही. म्हणून वाईट बातमीच्या दिवशी वही बंद करू नये. त्या दिवशी दुसऱ्या रकान्यातील एक ओळ पहिल्यात येते: काल जे हाती नव्हते त्याविषयी आज काहीतरी करायचे असते. कोणत्या डॉक्टरांना भेटायचे, कोणती योजना लागू होते, मुलांना किती सांगायचे? रडूही येईल, तेही त्या दिवसाच्या कामातच धरावे. आभाराचा भाग त्या दिवशी जमला नाही तर मंडळीतील दुसऱ्या कोणी तो आपल्या वतीने करावा.

घरातील कोणी चिंतेत असेल तर

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, आणि त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच होते; तोंड उघडल्यावर ते चुकत गेले. चिंतेत असलेल्या पत्नीला, भावाला किंवा आईला लगेच वचन ऐकवू नये. ‘तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ एवढे विचारून ऐकून घ्यावे आणि मध्ये तोडू नये. बोलणे संपल्यावर ‘आज यातले मी काय करू?’ असे विचारावे. परवानगी असेल तर तिच्यासाठी मोठ्याने, तीन-चार वाक्यांत, तिने सांगितलेल्या गोष्टींची नावे घेऊन प्रार्थना करावी. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नये. ‘प्रभू, हिला अधिक विश्वास दे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला टोमण्यासारखे लागते. लहान मुलांच्या बाबतीत झोपण्यापूर्वी त्यांना एकच भीती सांगू द्यावी, तिच्याविषयी मुलाच्याच शब्दांत प्रार्थना करावी आणि दिवा मालवल्यानंतर तो विषय पुन्हा काढू नये.